शून्याच्या खालची ओळ

आमचा गाळा जानेवारीत उघडतो, एप्रिलच्या मध्याला मिटतो.
एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं बुटांचं दुकान.
यंगस्टाउनच्या भट्ट्या विझल्या त्याला जमाना झाला,
फॉर्म मात्र भरावेच लागतात.

या वर्षी दोन नव्या ओळी आल्यात.
सॉफ्टवेअर अजून त्या राखाडी दाखवतं : लवकरच.
आयरीन ह्रुस्का, एकतीस हंगाम काढलेली,
प्रशिक्षणाला फळ्यावर शून्य काढते
आणि त्याच्याखाली एक रेघ.
“बाकीच्या सवलती इथे थांबतात.
कर शून्य झाला की माणूस उठतो, कोट घालतो.
या दोघी खाली उतरतात.
तुम्हीही उतरा, पण कठडा धरून.”
कठडा म्हणजे प्रश्नावली.
चुकलं तर दंड आमच्या नावावर.

मी नवा. पूर्वी शाळेची बस चालवायचो.
मागच्या खुर्चीवरून विचारलं,
ज्यानं भरलाच नाही त्याला परतावा कसला?
आयरीननं खडूचे हात झटकले.
“शब्दावर जाऊ नकोस. रकमेवर जा.”

फेब्रुवारी, मंगळवार.
डेरिल प्रुइट, वय तेवीस, बुटांचा बर्फ आमच्या गालिच्यावर.
प्लास्टिकच्या पिशवीतून पगाराचा दाखला निघतो,
शाळेचं पत्र, लशींचं कार्ड,
आणि चुकून आलेलं मक्याचं कूपन.
बहीण, जोनेल. नऊ वर्षांची.
आई?
“नाही.”
म्हणजे वारली, की
“फॉर्मला लागतं का ते?”
लागत नाही.
मी पुढचा प्रश्न वाचतो :

मूल तुमच्यासोबत किती रात्री राहिलं?

तो बराच वेळ गप्प. मग म्हणतो,
“ती घरी सगळ्या रात्री. मी एकही नाही.”

दहा ते सहा तो गोदामात असतो, खोकी पट्ट्यावर चढवत.
शेजारची बर्निस आपलं दार किलकिलं ठेवते.
साडेसहाला तो घरी येतो, जोनेलची वेणी घालतो.
“वाकडी येते,” तो सांगतो,
जणू तेही आम्हाला कळवणं बंधनकारक आहे.
बस येईतो टेबलावर डोकं.
तीनला उठायचं. पाढे, अंडी, पुन्हा पाढे. सातावर अडते.
“खोटं लिहू नका,” तो म्हणतो.
“रात्रींच्या हिशेबात मी नाही.”

मी आयरीनकडे जातो.
तिचं पुस्तक मिटलेलंच, त्यावर कॉफीचा पेला.
“रात्री राबणाऱ्याचे दिवस मोज,” ती मान न वळवता सांगते.
“हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय.”
कुणी लिहिलं असेल?
कुठल्या कचेरीत, कुणाची आठवण येऊन?

मी भरतो : तीनशे पासष्ट.
राखाडी ओळ काळी होते.
शून्याखाली आकडा उमटतो,
त्याच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा.

डेरिल आकडा बोटानं वाचतो, दोनदा.
“हे परत कधी करायचे?”
तुम्हालाच परत मिळतायत.
“पण मी दिले कुठे होते?”

आणि मी, एक महिन्याचा जुना,
त्याला म्हणालो, शब्दावर जाऊ नका.
म्हणालो आणि वाईट वाटलं.
शब्द त्यानं बरोबर पकडला होता.

पैसे महिनाअखेरीच्या आत येणार नाहीत, हेही सांगितलं.
त्यानं भिंतीपलीकडे बघितल्यासारखं केलं.
“हे दुकान कधी उघडतं? तिला बूट घ्यायचेत.”
आता उघडत नाही, म्हणालो.

तो गेला.
पडद्यावर शेवटचा चौकोन :
दिलेल्या माहितीवर तुमचा विश्वास आहे काय?
होय.
आणखी कशावरून?
तिथं मी लिहिलं : वेणी वाकडी येते.
खोडायला हवं होतं.
पण बाहेर चौघं उभे होते, दार उघडंच राहिलेलं,
मी पुढचा नंबर पुकारला.